झोपताना तंबूत गॅस हीटर लावावा का?

जानेवारी २०२०. केरळमधल्या १५ पर्यटकांचा एक गट पोखरा पाहून परतताना नेपाळमधल्या दामन इथे मुक्कामाला थांबला. दामन हे सुमारे २,३०० मीटर उंचीवरचं थंड हवेचं ठिकाण. रात्री कडाका होता, म्हणून गटातल्या आठ जणांनी एकाच खोलीत झोपायचं ठरवलं आणि गॅस हीटर लावला. खोलीच्या दारं-खिडक्या आतून बंद होत्या. सकाळी आठही जण बेशुद्धावस्थेत सापडले. हेलिकॉप्टरने त्यांना काठमांडूला हलवण्यात आलं, पण एकही वाचू शकला नाही. मृतांमध्ये चार लहान मुलं होती.

तो हीटर खोलीत लावलेला होता. पण त्याच कुळातले छोटे, हातात उचलून नेता येतील असे हीटर आता ‘कॅम्पिंग हीटर’ या नावाने ऑनलाइन सर्रास विकले जातात. बाहेर बर्फ पडतोय, तंबूत केशरी जाळी तापलेली आहे आणि दोघं हाताला ऊब घेत कॉफी पितायत, अशा रील्स दर हिवाळ्यात फिरतात. केदारकांठा, ब्रह्मताल किंवा लडाखच्या चादर ट्रेकला जाणाऱ्या मराठी ट्रेकर्सच्या ग्रुपवर मग प्रश्न हमखास येतो: हा घ्यायचा का?

त्याचं उत्तर हीटर चांगला की वाईट एवढ्यावर ठरत नाही. तो कोणत्या जागेसाठी बनवलाय आणि कुठे वापरला जातोय, यावर ठरतं.

हे यंत्र मुळात कुणासाठी?

या प्रकारातला सगळ्यात ओळखीचा हीटर म्हणजे अमेरिकेतल्या मिस्टर हीटर या ब्रँडचा ‘पोर्टेबल बडी’. साधारण चार किलो वजन, वर धरायला कडी, बाजूला प्रोपेनची छोटी हिरवी बाटली फिरवून बसवायची. या बाटलीत एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम गॅस असतो. हीटरची क्षमता ताशी ४,००० ते ९,००० बीटीयू. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण १.२ ते २.६ किलोवॉट, म्हणजे घरातल्या विजेच्या रूम हीटरएवढी किंवा थोडी जास्त.

आत गॅस एका सच्छिद्र टाइलवर जळतो, टाइल लालबुंद होते आणि समोरच्या माणसाला थेट उष्णता लागते. शेकोटीसमोर बसल्यावर चेहरा तापतो आणि पाठ गार राहते, तसंच. दुसरा प्रकार ‘कॅटॅलिटिक’ हीटरचा. त्यात ज्योत दिसत नाही. प्लॅटिनमसारख्या धातूचा लेप असलेल्या जाळीवर गॅसचं मंद ज्वलन होतं. ज्योत नाही म्हणून तो निर्धोक, असं अनेकांना वाटतं. पण ऑक्सिजन त्यालाही तितकाच लागतो.

अमेरिकेत हे हीटर प्रामुख्याने वापरले जातात ते गोठलेल्या तलावावर छिद्र पाडून मासे धरणाऱ्यांकडून, शिकारीच्या मचाणावर, गॅरेजमध्ये, गाडीजवळच्या कॅम्पिंगमध्ये. मिनेसोटामधले असे तलाव समुद्रसपाटीपासून फार तर चार-पाचशे मीटरवर. माणूस जागा असतो, गळ धरून बसलेला असतो, दार उघडझाप चालू असते. सामान गाडीतून किंवा स्लेजवरून येतं, पाठीवरून नाही. थंडी भयंकर, पण हवा दाट. ही चौकट लक्षात ठेवायला हवी, कारण हिमालयातल्या तंबूत यातलं जवळपास काहीच नसतं.

तंबूत हवा असते तरी किती?

प्रोपेनचा एक रेणू जळायला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. वजनात मांडलं तर एक किलो प्रोपेन पूर्ण जळायला साधारण साडेपंधरा किलो हवा लागते. समुद्रसपाटीला ही हवा १३ घनमीटर भरते.

आता हीटर सगळ्यात मंद ठेवला, तर तो तासाला साधारण ८५ ग्रॅम गॅस खातो. म्हणजे तासाला एक घनमीटरहून थोड्या जास्त हवेतला सगळा ऑक्सिजन संपवतो. दोन माणसांच्या ट्रेकिंग तंबूत एकूण हवा दोन ते तीन घनमीटर, आणि त्यातही दोन माणसं आणि दोन सॅक. तंबू पूर्ण हवाबंद आहे असं धरलं तर ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला वीस मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात कुठलाच तंबू पूर्ण हवाबंद नसतो, बारीक फटींतून हवा येतच असते. पण थंडीत माणूस पहिलं काम काय करतो? चेन वरपर्यंत ओढतो, हवेच्या खिडक्या बंद करतो, बाहेरच्या कापडाच्या कडांवर बर्फ लोटून वारा अडवतो. रात्री पडलेला बर्फ उरलेल्या फटीही बुजवतो.

लडाखमधल्या घरात बुखारी पेटते तेव्हाही ज्वलनच होतं. फरक एवढाच की बुखारीला छपरातून बाहेर जाणारं धुराडं असतं. पोर्टेबल हीटरला धुराडं नसतं. त्यातून जे निघतं ते सगळं झोपणाऱ्याच्या उशाशी राहतं. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात. कारण तिथेही हेच.

डोकेदुखी नेमकी कशामुळे?

ऑक्सिजन पुरेसा असेल तर प्रोपेन जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. ऑक्सिजन कमी पडू लागला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणून हवेत अगदी थोडा असला तरी तासाभरात रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावू शकतो.

सुरुवातीची लक्षणं कोणती? डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, थकवा, थोडा गोंधळ. ही यादी ओळखीची वाटली तर त्यात नवल नाही. उंचीवरच्या आजाराची, म्हणजे ट्रेकर ज्याला एएमएस म्हणतात त्याची लक्षणंही हीच. साडेतीन हजार मीटरवर कुणाचं डोकं दुखलं तर सगळे ‘उंची लागली’ म्हणणार, गोळी देणार आणि ‘आत ऊबेत पडून राहा’ असं सांगणार. विषारी हवेतून माणसाला बाहेर काढायचं सोडून त्याला तिच्यातच पुन्हा झोपवलं जातं.

याहून फसवा प्रकार ऑक्सिमीटरचा आहे. कोविडनंतर प्रत्येक ट्रेक लीडरच्या खिशात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असतो. पण साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच लाल दिसतं. त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही पडद्यावर आकडा बरा दिसू शकतो. अशा वेळी आकडा पाहून निर्धास्त होणं सगळ्यात महागात पडतं.

ओळखायची साधी खूण अशी: तंबूतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास सुरू झाला, हीटर लावल्यानंतर सुरू झाला आणि मोकळ्या हवेत गेल्यावर कमी होऊ लागला, तर आधी संशय हीटरवर घ्यायचा. पण ही खूण जागे असणाऱ्यांसाठी आहे. झोपलेल्या माणसाला डोकेदुखी कळेलच असं नाही. झोपेतच तो बेशुद्धीकडे सरकतो.

‘यात तर सेफ्टी आहे ना?’

चांगल्या हीटरमध्ये दोन सुरक्षा असतात. हीटर कलंडला की गॅस बंद करणारा स्विच ही पहिली. दुसरी म्हणजे ऑक्सिजन घटल्यावर हीटर विझवणारी यंत्रणा, जिला ओडीएस म्हणतात. जाहिरातीत हिचा उल्लेख ठळक असतो आणि खरेदी करणारा तिच्याच भरवशावर असतो.

ओडीएसमध्ये ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर वगैरे नसतो. एक छोटी पायलट ज्योत सतत एका धातूच्या टोकाला तापवत असते. हे टोक म्हणजे थर्मोकपल. ते गरम आहे तोवर त्यातून अगदी थोडी वीज वाहते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. हवेतला ऑक्सिजन साधारण १८ टक्क्यांपर्यंत उतरला की ही ज्योत अस्थिर होऊन टोकापासून दूर सरकते, टोक थंड पडतं आणि व्हॉल्व्ह बंद होतो. ना बॅटरी, ना चिप. कल्पना खरोखर देखणी आहे.

अडचण उंचीची आहे. उंचावर हवेतल्या ऑक्सिजनची टक्केवारी तीच राहते, पण हवाच विरळ होते. लेहच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो. पायलट ज्योतीला मिळणारा ऑक्सिजन त्या प्रमाणात कमी, म्हणून खुल्या मैदानातसुद्धा तिला आपण बंद खोलीत आहोत असं ‘वाटतं’ आणि ती हीटर विझवते. बडी हीटरच्या माहितीपत्रकातच ७,००० फुटांच्या वर हीटर बंद पडू शकतो असं लिहिलेलं आहे. ७,००० फूट म्हणजे सुमारे २,१३० मीटर. केदारकांठ्याचा माथा १२,५०० फूट. चादर ट्रेक सुरू होतो तोच ११,००० फुटांच्या आसपास.

सह्याद्रीत मात्र ही अडचण नाही. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, त्यामुळे ओडीएस तिथे नीट चालेल. पण तिथल्या थंडीला हीटर लागतोच कशाला, हा प्रश्न उरतो. हरिश्चंद्रगडावरची डिसेंबरची रात्र बोचरी असते, पण चांगली स्लीपिंग बॅग आणि कानटोपी तिला पुरून उरते.

खरा धोका पुढे आहे. हीटर वारंवार बंद पडू लागला की ‘सेन्सर खराब आहे’ असं समजून काही जण पायलटचं बटण दाबून धरतात किंवा ओडीएसच काढून टाकतात. विरळ हवेत गॅस आणि हवेचं मिश्रण आधीच बिघडलेलं असतं, कारण गॅस सोडणारं छिद्र सखल भागासाठी बेतलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइड तयार होण्याची शक्यता त्यामुळे उलट वाढते. म्हणजे संरक्षण काढून टाकलं जातं, तेही नेमकं ते सर्वात जास्त हवं तिथे.

आणि भारतात ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त हीटरपैकी बरेचसे बडीसारखे नसतातच. कॅनिस्टरच्या डोक्यावर थेट फिरवून बसवायचं तापणारं डोकं किंवा स्टोव्हवर ठेवायची जाळी, एवढंच. त्यांना ना ओडीएस, ना कलंडल्यावर बंद होणारा स्विच. शिवाय तापणारा भाग कॅनिस्टरच्या अगदी जवळ असतो. कॅनिस्टर ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नये अशी सूचना त्याच्यावरच छापलेली असते.

प्रोपेनच का, घरचा गॅस का नाही?

बाटलीत गॅस द्रवरूपात असतो. तो जळण्याआधी उकळून वायू व्हावा लागतो. साधा ब्युटेन शून्याच्या जरासा खाली उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. म्हणजे उणे पाच तापमानात साध्या ब्युटेनची बाटली भरलेली असूनही हीटर पेटणार नाही आणि प्रोपेन मात्र आरामात चालेल. थंडीसाठी प्रोपेन निवडतात तो यासाठी.

घरगुती एलपीजी किंवा पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर यात प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. कडाक्याच्या थंडीत त्यातला प्रोपेन आधी निघून जातो आणि ब्युटेन तळाशी द्रवरूपात बसून राहतो. सिलिंडर हलवला तर जड लागतो, पण ज्योत मरतुकडी. ट्रेकिंगच्या दुकानात मिळणाऱ्या आट्याच्या कॅनिस्टरमध्ये सहसा आयसोब्युटेन आणि थोडा प्रोपेन असतो. तो मध्यम थंडीत चालतो. लांब नळकांड्यासारख्या स्वस्त डब्यात बहुतेक वेळा नुसता ब्युटेन असतो. ते डबे बर्फात नेण्यात अर्थ नाही.

गॅस उकळताना बाटलीतलीच उष्णता ओढून घेतो, म्हणून हीटर मोठा ठेवला की बाटलीवर दव आणि मग बर्फ जमतो. ती तापवण्यासाठी शेकोटीजवळ सरकवणं किंवा तिच्यावर लायटर फिरवणं हा थेट स्फोटाला निमंत्रण देणारा प्रकार आहे. वापरण्याआधी जॅकेटच्या आत थोडा वेळ धरली तरी काम भागतं.

अमेरिकेतली हिरवी एक पौंडाची बाटली इथे सहज मिळत नाही, आणि तिथून येताना बरोबरही आणता येत नाही. गॅसचे कॅनिस्टर विमानात केबिन आणि चेक-इन दोन्ही सामानात बंद आहेत. रेल्वेतही ज्वलनशील गॅस नेण्यास मनाई आहे. म्हणजे डेहराडून किंवा लेहला पोहोचल्यावर तिथे जे मिळेल त्यावरच हीटर चालवायचा.

वजनाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. मंद आचेवर आठ तास म्हणजे साधारण ६८० ग्रॅम गॅस, म्हणजे एका रात्रीला दीड बाटली. चार रात्रींना सहा. पोलादी बाटल्यांचं वजन धरून पाच किलोहून जास्त, वर हीटरचे चार. एवढं ओझं वाहून जी ऊब मिळते, ती दोन किलोच्या चांगल्या स्लीपिंग बॅगेतून रात्रभर मिळते. तिला हवाही लागत नाही.

पाणी कुठून आलं?

तंबूत हीटर लावून झोपलेल्यांची एक तक्रार नेहमीची असते: सकाळी सगळं ओलं. एक किलो प्रोपेन जळल्यावर सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. एक पौंडाची बाटली संपली की जवळजवळ पाऊण लिटर. ही वाफ तंबूच्या थंड कापडावर जमते, गोठते, आणि पहाटे हलताच अंगावर भुरभुरते. पिसांची स्लीपिंग बॅग ओली झाली की तिचे गोळे होतात आणि ऊब धरणं बंद होतं. हीटर चालू असेपर्यंत छान वाटतं. पहाटे तीनला गॅस संपतो तेव्हा थंडी सर्वात कडक आणि पांघरूण ओलं.

गळतीचा धोका वेगळाच. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. आजकालच्या तंबूंचा तळ टपासारखा, कडा वर उचललेल्या. गळलेला गॅस त्यात झोपणाऱ्याच्या नाकाच्या पातळीवर साचून राहतो. जोडणी तंबूबाहेर करून साबणाचं पाणी लावून पाहावी, बुडबुडे आले तर पेटवू नये. नायलॉनचं कापड तर अडीचशे अंशांच्या आसपास वितळतंच, झोपेत लागलेली एक लाथ पुरते.

मग वापरायचा तरी कुठे?

जागेपणी, उघड्यावर, थोडा वेळ. जेवणाच्या मोठ्या तंबूत दोन बाजू उघड्या ठेवून, गाडीजवळच्या कॅम्पमध्ये ताडपत्रीखाली, गारठलेली बोटं शेकायला, ओले हातमोजे सुकवायला. सपाट कडक जागी, समोर किमान मीटरभर काही नाही असा. एक फट खाली आणि एक वर असेल तरच हवा फिरते, नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. शेवटच्या माणसाने स्लीपिंग बॅगेत शिरण्याआधी हीटर बंद, बाटली काढून बाहेर.

बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म जवळ असलेला बरा. युरोपातल्या ईएन ५०२९१ या मानकाचा दुसरा भाग कॅराव्हॅन आणि बोटींसाठीच्या अलार्मचा आहे. हवेत दहा लाखांत ३०० भाग कार्बन मोनॉक्साइड झाला तर असा अलार्म तीन मिनिटांत वाजतो. पण तो सीटबेल्टसारखा आहे. तो आहे म्हणून रात्रभर हीटर चालवायचा असा त्याचा अर्थ नाही.

रात्रीच्या उबेसाठी पहाडातले वाटाडे जे करतात ते फार साधं आहे. जमिनीकडून येणारी थंडी अडवायला दोन मॅट एकावर एक. झोपण्याआधी तेलातुपाचं पोटभर जेवण. दिवसभराचे मोजे बदलून कोरडे. आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी. ही बाटली तीन-चार तास ऊब देते आणि सकाळी प्यायला न गोठलेलं पाणीही.

त्रास झालाच तर

आधी माणसाला मोकळ्या हवेत काढायचं, जॅकेट घालण्यात वेळ घालवायचा नाही. आत जाणाऱ्याने तंबूची दारं पूर्ण उघडावीत, गरज पडली तर कापड फाडावं आणि हीटर बंद करावा. बेस कॅम्पला ऑक्सिजन सिलिंडर असेल तर मास्कने सुरू करावा. साध्या हवेत श्वास घेताना रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात तो निम्म्यावर येतो. ११२ वर फोन करावा आणि माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला तरी त्याला खाली रुग्णालयात न्यावं, कारण विसराळूपणा, तोल जाणं अशी मेंदूची लक्षणं काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसू शकतात. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं की तंबूत गॅस हीटर चालू होता. ते कळलं नाही, तर लक्षणं पाहून आणि ऑक्सिमीटरचा आकडा पाहून उपचार उंचीच्या आजारावरच सुरू होऊ शकतात.